ईटीएफ निवडताना आधी निर्देशांक पाहावा, मग भाव

पगार हिंजवडीतल्या आयटी कंपनीकडून येतो, त्याच कंपनीचे शेअर डीमॅट खात्यात आहेत आणि वाकडच्या फ्लॅटचा हप्ताही त्याच पगारातून जातो, अशा माणसाने पहिला ईटीएफ (शेअर बाजारात खरेदी-विक्री होणारा फंड) म्हणून निफ्टी आयटी, म्हणजे आयटी कंपन्यांच्या निर्देशांकाचा ईटीएफ, घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या क्षेत्रात मंदी आली तर पगारवाढही थांबते आणि गुंतवणूकही खाली येते. चाकणच्या वाहन कारखान्यात नोकरी करणाऱ्यांनी निफ्टी ऑटोबाबत हाच विचार करावा. ईटीएफ घेणे म्हणजे एखाद्या निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांचा लहानसा वाटा शेअरसारखा बाजारात विकत घेणे. म्हणून फंडाचे नाव पाहण्याआधी त्या निर्देशांकाचे मासिक माहितीपत्रक उघडून त्यात कोणत्या कंपन्या आहेत आणि त्यांचे वजन किती आहे, हे वाचावे.

बहुतेकांसाठी पाया म्हणून निफ्टी ५०, म्हणजे देशातल्या ५० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, पुरेसा आहे. भारतातला पहिला ईटीएफ २००१ च्या अखेरीस याच निर्देशांकावर निघाला. निफ्टी ५० आणि सेन्सेक्स असे दोन्ही ईटीएफ घेण्यात मात्र फारसा अर्थ नाही, कारण सेन्सेक्समधल्या ३० कंपन्या जवळपास सगळ्याच निफ्टीतही असतात. विस्तार हवा असेल तर त्यापुढच्या ५० मोठ्या कंपन्यांचा निफ्टी नेक्स्ट ५० घेता येतो, पण त्याचे चढउतार अधिक तीव्र असतात. सोन्याचा वाटा ठेवायचा असेल तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे कंपन्यांऐवजी सोन्यावर आधारलेला ईटीएफ, घ्यावा. लक्ष्मी रोडवरून पाडव्याला आणलेला दागिना अंगावर घालण्यासाठी असतो, आणि त्याची मजुरी व जीएसटी विकताना परत मिळत नाही.

निर्देशांक ठरला की त्यावरचे पाच-सहा ईटीएफ समोर येतात आणि सर्वात कमी एक्स्पेन्स रेशोचा (फंड दरवर्षी कापून घेतो त्या खर्चाचा) फंड उचलण्याचा मोह होतो. येथे थोडा हिशोब करावा. एक लाख रुपयांवर ०.०५ टक्के आणि ०.१० टक्के यांतला फरक वर्षाला ५० रुपयांचा आहे. तेच एक लाख गुंतवताना युनिट त्यामागच्या शेअरांच्या खऱ्या मूल्यापेक्षा एक टक्का महाग पडले, तर १००० रुपये पहिल्याच मिनिटाला जातात, म्हणजे कमी खर्चाचा फंड निवडून वीस वर्षांत जे वाचले असते ते एका ऑर्डरमध्ये संपते.

हे मी स्वतःच्या पैशांनी शिकलो. काही वर्षांपूर्वी एका मिडकॅप (मध्यम आकाराच्या कंपन्यांच्या) ईटीएफमध्ये ४०,००० रुपयांची मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाने खरेदीची ऑर्डर, मी बाजार उघडताच सव्वानऊला टाकली. विक्रीला मोजकीच युनिट होती, त्यामुळे माझी ऑर्डर एकेक पायरी वरच्या भावाला भरत गेली आणि सरासरी भाव मूल्यापेक्षा सुमारे दोन टक्के जास्त पडला. म्हणजे ८०० रुपये गेले आणि निर्देशांक तर जागचा हललाही नव्हता.

तेव्हापासून मी खरेदीआधी दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहतो. पहिली आयएनएव्ही, म्हणजे युनिटमागच्या मालमत्तेचे चालू मूल्य, जे फंडाच्या संकेतस्थळावर बाजाराच्या वेळेत सतत बदलत असते. दुसरी ब्रोकरच्या ॲपमधली मार्केट डेप्थ, जिथे खरेदी आणि विक्रीचे पहिले पाच भाव नगांसह दिसतात. समजा, आयएनएव्ही २५०.४० आहे, खरेदीदार २५०.३० देतो आणि विक्रेता २५०.५० मागतो, तर हा ईटीएफ घेण्याजोगा आहे. विक्रेता २५४ मागत असेल आणि तेही शंभर नगांसाठी, तर त्याचा एक्स्पेन्स रेशो कितीही कमी असला तरी तो सोडून द्यावा. ऑर्डर नेहमी लिमिटचीच, म्हणजे जास्तीत जास्त भाव आपण ठरवून दिलेली, टाकावी, भाव आयएनएव्हीच्या जवळ ठेवावा, आणि सुरुवातीची व साडेतीनच्या आधीची काही मिनिटे टाळावीत.

परदेशी निर्देशांकांच्या ईटीएफमध्ये ही तपासणी सर्वात महत्त्वाची आहे. भारतीय म्युच्युअल फंडांना परदेशी शेअरांत गुंतवणुकीसाठी एकूण ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे, आणि ती भरत आल्याने फेब्रुवारी २०२२ पासून नव्या पैशांवर बंधने आली. अशा वेळी फंडाला नवी युनिट काढणे अवघड होते. मागणी तशीच राहिली की नॅस्डॅक १०० सारखे ईटीएफ मूल्याच्या बरेच वर विकले जातात. पुढे हा प्रीमियम, म्हणजे मूल्यावरचा जादा भाव, ओसरला तर अमेरिकेतला निर्देशांक न पडताही आपले नुकसान होते.

फंडाची कामगिरी तपासताना ट्रॅकिंग डिफरन्स पाहावा, म्हणजे निर्देशांकाचा परतावा आणि फंडाचा परतावा यांतला प्रत्यक्ष फरक. तुलना लाभांश धरून मोजलेल्या टीआरआय निर्देशांकाशीच करावी, कारण वर्तमानपत्रात छापला जाणारा निफ्टीचा आकडा लाभांश धरत नाही आणि त्यामुळे सुमार फंडही चांगला भासतो.

करांबाबत थोडक्यात: २३ जुलै २०२४ पासून भारतीय शेअरांचे ईटीएफ वर्षाच्या आत नफ्यात विकल्यास २० टक्के कर लागतो, त्यानंतर विकल्यास आर्थिक वर्षातल्या १.२५ लाखांवरील नफ्यावर १२.५ टक्के.

ज्यांना डीमॅट खाते उघडायचे नाही, किंवा दर महिन्याला आयएनएव्ही पाहून ऑर्डर टाकण्याइतकी सवड नाही, त्यांनी त्याच निर्देशांकाच्या, पण थेट फंड कंपनीकडून घेता येणाऱ्या इंडेक्स फंडाच्या डायरेक्ट (एजंटशिवायच्या) प्लॅनमध्ये एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक गुंतवणूक, करावी. खर्च किंचित जास्त असू शकतो, पण युनिट दिवसअखेरच्या एनएव्हीलाच, म्हणजे युनिटच्या खऱ्या मूल्यालाच, मिळतात आणि प्रीमियमचा प्रश्नच येत नाही.