साठ टक्केवाल्यांची शिष्यवृत्ती कुठे अडते: या चुका टाळा

दरवर्षी प्रवेश सुरू झाले, की महाविद्यालयातील शिष्यवृत्तीच्या खिडकीपाशी एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांतून ऐकू येतो: ‘सर, मला छप्पन्न टक्केच आहेत, माझे काही होईल का?’ खिडकीच्या आतल्या बाजूला बसून बरीच वर्षे अर्ज तपासल्यावर माझे मत असे झाले आहे, की पंचावन्न ते सत्तर टक्क्यांमधल्या मुलामुलींचे पैसे गुणांमुळे क्वचितच जातात. ते जातात मुदत संपलेल्या दाखल्यामुळे, चुकीच्या बँक खात्यामुळे, दुसऱ्याच्या मोबाईल क्रमांकामुळे, आणि या सगळ्याच्या आधी, नियम न वाचताच ‘ते हुशार मुलांसाठी असते’ असे घरबसल्या ठरवून टाकल्यामुळे.

गुण कमी म्हणून अर्जच न भरणे

महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरील मोठ्या योजनांमध्ये गुणवत्ता यादी नावाचा प्रकारच नसतो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असावे, विद्यार्थी महाराष्ट्राचा अधिवासी असावा आणि कुटुंबातील दोनच अपत्यांना लाभ मिळावा, असे नियम आहेत. पहिला आलेला आणि काठावर पास झालेला हे दोघेही तिथे एकाच रांगेत असतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा आहे, आणि उत्पन्न त्याहून अधिक असेल तर शिक्षण व परीक्षा शुल्काच्या माफीचा, म्हणजे फ्रीशिपचा, मार्ग उरतो. पण ‘मर्यादा ओलांडली’ एवढे ऐकूनच लोक परत फिरतात. इतर मागास प्रवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क जुलै 2024 च्या शासन निर्णयाने पूर्ण माफ झाले, तरीही पूर्वीप्रमाणे निम्मे शुल्क भरण्याची तयारी करून आलेले पालक अजून भेटतात.

घरापासून दूर राहून व्यावसायिक अभ्यासक्रम शिकणाऱ्यांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा अर्ज शुल्काच्या अर्जासोबतच भरावा. दोन्ही एकाच वेळी मिळू शकतात, हे सांगितले नाही तर कोणी विचारत नाही.

याच गैरसमजाचा दुसरा नमुना केंद्र सरकारच्या महाविद्यालयीन शिष्यवृत्तीत दिसतो. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरील या योजनेत पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी वर्षाला 12,000 रुपये मिळतात, उत्पन्नमर्यादा साडेचार लाखांची आहे, आणि अट आहे ती बारावीत 80 पर्सेंटाईलच्या वर असण्याची. हा आकडा वाचून सत्तर टक्क्यांचा विद्यार्थी निमूटपणे खिडकी सोडतो. 80 पर्सेंटाईल म्हणजे आपल्या मंडळाच्या आपल्या शाखेत उत्तीर्ण झालेल्यांपैकी वरच्या वीस टक्क्यांत असणे. त्यासाठी लागणारे गुण शाखेनुसार आणि वर्षानुसार बदलतात आणि ते ऐंशी टक्क्यांच्या बरेच खाली असू शकतात. मंडळाने जाहीर केलेला आपल्या शाखेचा आकडा पाहिल्याशिवाय कोणीही स्वतःला बाद करू नये. बँका आणि उद्योगसमूहांच्या शिष्यवृत्त्यांचेही असेच आहे. एचडीएफसी बँकेच्या परिवर्तन शिष्यवृत्तीसाठी मागील परीक्षेत 55 टक्के, तर रिलायन्स फाउंडेशनच्या पदवी शिष्यवृत्तीसाठी बारावीत 60 टक्के अशी किमान अट राहिली आहे. त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी. मित्राने पाठवलेले चित्र वाचून निर्णय घेऊ नये.

नेट कॅफेवाल्याचा मोबाईल क्रमांक

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण तिच्यात विद्यार्थ्याचा अर्ज पूर्ण भरलेला असतो, तो पात्रही असतो, आणि तरीही त्याच्या हाती काही लागत नाही.

काही वर्षांपूर्वी टेम्पो चालवणाऱ्या एका गृहस्थांचा मुलगा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होता. बारावीला अठ्ठावन्न टक्के, घरची परिस्थिती बेताची, स्वभावाने अबोल. त्याने गावातल्या कॅफेत शे-दीडशे रुपये देऊन अर्ज भरून घेतला. कॅफेच्या मालकाने घाईत, ओटीपीसाठी थांबायला नको म्हणून, स्वतःचाच मोबाईल क्रमांक टाकला आणि पासवर्ड पावतीच्या मागे लिहून दिला. ती पावती कपड्यांबरोबर धुऊन निघाली. आमच्या लिपिकाने छाननी करताना पाहिले, की जोडलेल्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत 31 मार्चलाच संपली आहे. त्याने नियमाप्रमाणे शेरा लिहून अर्ज विद्यार्थ्याकडे परत पाठवला. त्याचा संदेश गेला कॅफेवाल्याच्या फोनवर, जिथे तसे संदेश ढिगाने पडत होते.

मुलगा निवांत होता. फेब्रुवारीत वर्गमित्राच्या खात्यात पैसे आले, तेव्हा तो खिडकीशी आला आणि म्हणाला, ‘माझे अजून का नाही आले?’ लॉगिन होईना. पासवर्ड बदलायचा तर ओटीपी हवा, आणि कॅफेवाल्याने तोवर तो क्रमांक बंद केला होता. आधारच्या ओटीपीने वाट काढावी म्हटले, तर आधारला वडिलांचे जुने, रिचार्ज न झाल्याने बंद पडलेले सिम जोडलेले होते. आधार केंद्रात जाऊन क्रमांक बदलून घेईपर्यंत दुरुस्तीसाठी अर्ज पुन्हा पाठवण्याची मुदत उलटली. परीक्षेच्या अर्जाआधी उरलेले शुल्क त्याच्या आईने बचत गटातून उचल घेऊन भरले. नवा दाखला काढायला त्या घराला फार कष्ट पडले असते, असे मुळीच नाही. तो हवा आहे हेच त्यांना कोणी कळवले नव्हते.

कॅफेवाल्यांवर माझा राग नाही. एका दिवसात त्यांच्यापुढे जेवढे अर्ज येतात, तेवढे घाईशिवाय भरून होणार नाहीत. राग आहे तो ‘तुम्हीच भरून टाका’ म्हणत बाहेर गाडीवर बसून राहणाऱ्या मुलांवर. मी माझ्या विद्यार्थ्यांना पुढील सवय लावतो. अर्ज कुठेही भरा, पण आधी आधारला स्वतःचा चालू मोबाईल जोडून घ्या, अर्जात तोच क्रमांक टाका, आणि लॉगिन नाव, पासवर्ड व अर्ज क्रमांक एका वहीच्या पहिल्या पानावर लिहून ती वही घरी ठेवा. त्यानंतर दर शनिवारी लॉगिन करून अर्ज संस्थेकडे आहे, विभागाकडे आहे की आपल्याकडेच परत आला आहे, ते पाहा. अर्ज ‘सबमिट’ केला म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांचे अर्जच अधिक परत येतात, हा योगायोग नव्हे.

आधार जोडलेले खाते म्हणजे नेमके कोणते

‘खात्याला आधार जोडलेले आहे का?’ असे विचारले, की प्रत्येक जण ‘हो’ म्हणतो, आणि त्यांतील अनेकांचे उत्तर चुकीचे असते. खाते उघडताना केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिलेली असते, पण शिष्यवृत्तीचे पैसे त्या झेरॉक्सच्या आधारावर येत नाहीत. थेट लाभ हस्तांतरणात पैसे आधार क्रमांकावर पाठवले जातात, आणि त्या क्रमांकापुढे कोणत्या बँकेची नोंद आहे, ते एनपीसीआय या देशातील बँकांची देयके हाताळणाऱ्या संस्थेच्या यादीत पाहिले जाते. या यादीत एका आधार क्रमांकापुढे एका वेळी एकच बँक असते, आणि शेवटी संमती दिलेली बँक आधीच्या बँकेची जागा घेते.

म्हणूनच विद्यार्थी आपल्या जिल्हा बँकेच्या किंवा राष्ट्रीयीकृत बँकेच्या पासबुकात नोंदी करून थकतो, आणि पैसे मात्र सिम कार्ड घेताना किंवा एखादे ॲप डाउनलोड करताना घाईत उघडलेल्या, त्याला स्वतःलाच न आठवणाऱ्या खात्यात जमा झालेले असतात. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकला, की कोणती बँक जोडलेली आहे आणि ती नोंद चालू आहे का, ते दिसते. तिथे फक्त बँकेचे नाव दिसते, खाते क्रमांक दिसत नाही. त्यामुळे एकाच बँकेत दोन खाती असतील तर शाखेत जाऊन विचारावे लागते. बदल करायचा असेल तर शाखेत आधार जोडणीचा संमती अर्ज भरून द्यावा, पोच घ्यावी आणि आठवड्याभराने पुन्हा तपासावे. बँकेतल्या माणसाने तोंडी सांगितलेले ‘झाले, झाले’ मी पुरावा मानत नाही. जनधन योजनेत अपुऱ्या कागदांवर उघडलेल्या छोट्या खात्याला वर्षभरात एकूण एक लाख रुपये जमा होण्याची मर्यादा असते, तर अल्पवयात उघडलेली खाती अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी मागतात. या दोन गोष्टी अर्जाआधी मिटवाव्यात.

व्यवस्थापन कोट्याची घाई

व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून, झालेला असेल तरच शुल्काच्या शिष्यवृत्तीचा विचार होतो. दुसऱ्या फेरीत आवडती शाखा मिळाली नाही म्हणून धीर सोडून पालक व्यवस्थापन कोट्यातील, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते ती, जागा पदरात पाडून घेतात आणि मग माझ्याकडे येऊन शिष्यवृत्तीची चौकशी करतात. तेव्हा सांगण्यासारखे काही उरलेले नसते. पुढची फेरी, थोडे दूरचे महाविद्यालय किंवा दुसरी शाखा यांची तुलना करताना चार वर्षांचे संपूर्ण शुल्क कागदावर मांडून पाहावे आणि मगच दलालाचा फोन उचलावा. खरे तर तो उचलूच नये.

दुसऱ्याचा मजकूर स्वतःच्या नावावर

खासगी न्यास आणि उद्योगसमूहांच्या अर्जांत ‘स्वतःविषयी लिहा’ असा एक रकाना असतो. सामान्य गुणांच्या विद्यार्थ्याला गुणपत्रिकेबाहेर बोलण्याची संधी इथेच मिळते, आणि तो तिथे इंटरनेटवरून उचललेले किंवा यंत्राकडून लिहून घेतलेले ‘लहानपणापासून मला समाजसेवेची आवड आहे’ हे वाक्य टाकून मोकळा होतो. निवड करणाऱ्यांनी ते वाक्य त्याच सकाळी कितीतरी अर्जांत वाचलेले असते.

एका विद्यार्थिनीचा असा अर्ज मी परत तिच्या हातात दिला आणि घरी ती रोज काय करते, एवढेच विचारले. तिची आई गावात दूध संकलनाचे काम पाहत होती. पहाटे येणाऱ्या प्रत्येक किटलीतल्या दुधाचे फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांशाव्यतिरिक्तचे घन घटक) ही मुलगी नोंदवत असे, दर दहा दिवसांचे दूधबिल तीच जुळवत असे, आणि कमी फॅट लागल्यावर भांडायला येणाऱ्या शेतकऱ्याला यंत्रावर पुन्हा नमुना लावून दाखवणे हेही तिचेच काम होते. बारावीला एकसष्ट टक्के पडण्याचे कारणही तिथेच होते, पण तिने रडगाणे न गाता कामाचा तपशील लिहिला. एका न्यासाने तिला मुलाखतीला बोलावले आणि बहुतेक वेळ दुधाच्या हिशेबावरच प्रश्न विचारले. तिला शिष्यवृत्ती मिळाली. असे लिखाण एका बैठकीत होत नाही. ते दोन-तीनदा खोडावे लागते, आणि नेमके तेच उतावळ्या मुलांना नको असते.

थोडक्यात सांगता येण्यासारख्या चुका

उत्पन्नाचा दाखला निकालानंतर काढायला जाऊ नये. तलाठ्याचा अहवाल आणि सेतू केंद्रातली रांग यांत जून-जुलै निघून जातो, म्हणून एप्रिल उजाडताच नव्या आर्थिक वर्षाचा दाखला काढावा आणि मिळत असेल तर तीन वर्षांचाच मागावा.

एका अर्जात उत्पन्न साठ हजार आणि दुसऱ्यात दोन लाख दाखवू नये. काही न्यास घरी येऊन पाहणी करतात.

गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते आणि आधारवर शेवटी, हे चालते; पण स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असेल तर तो आधार केंद्रात आधीच दुरुस्त करावा.

मोबाईलवर काढलेला, बोटाची सावली पडलेला दाखल्याचा फोटो जोडू नये.

शिष्यवृत्ती मिळवून देण्यासाठी टक्केवारी मागणाऱ्याशी बोलू नये.

शिक्षणात खंड पडला असेल तर तो लपवू नये, स्वयंघोषणापत्र जोडावे.

दुसऱ्या वर्षी विसरणे

पहिल्या वर्षी पैसे आले म्हणजे दुसऱ्या वर्षी ते आपोआप येतील, असे नसते. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो. वर उल्लेखिलेल्या केंद्राच्या शिष्यवृत्तीत तर पुढच्या वर्षासाठी किमान 50 टक्के गुण आणि 75 टक्के उपस्थिती लागते, आणि सामान्य विद्यार्थी अडकतो तो बहुधा उपस्थितीत. नूतनीकरण करताना नवा अर्ज भरण्याची चूक करू नये, जुन्याच लॉगिनमधून नूतनीकरणाचा पर्याय निवडावा. मागील वर्षाची गुणपत्रिका हाती आल्याच्या आठवड्यात हे काम उरकावे. एखादा विषय राहिला असेल तर अर्ज सोडून न देता, त्या योजनेत अनुत्तीर्ण विद्यार्थ्यासाठी काय नियम आहे, ते महाविद्यालयातील लिपिकाला विचारावे. जेवणाच्या सुट्टीत मात्र विचारू नये.