पाण्याखालचा संदेश आणि वरचा वारा

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात पोहणं शिकायचं ते विहिरीत. एकानं बुडी मारून दोन दगड एकमेकांवर आपटायचे, दुसऱ्यानं पलीकडच्या कडेला बुडी मारून टोले मोजायचे. भराभर आपटले की आवाज भिंतींवरून घुमत यायचे, एकात एक मिसळायचे आणि मोजणी चुकायची. बेळगावात इलेक्ट्रॉनिक्स शिकून पाण्याखालच्या मोडेमच्या, म्हणजे पाण्यातून संदेश पाठवणाऱ्या-घेणाऱ्या यंत्राच्या, कामाला लागलो तेव्हा तीच अडचण नव्यानं भेटली. "समुद्र राहिला घाटाखाली, तू इथं बसून काय ऐकूलायस?" असं काका विचारायचे. या क्षेत्रात येऊ बघणाऱ्या आपल्या भागातल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय.

खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी फार लवकर विरतात, म्हणून संदेश आवाजावर पाठवायचा. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १५०० मीटर. पुस्तकात समुद्राचा पृष्ठभाग आरशासारखा सपाट काढलेला असतो. प्रत्यक्षात तो हलता आरसा आहे, आणि सगळा घोळ तिथंच होतो.

एक गणित वहीत करूनच बघा. दोन मोडेम ५ मीटर खोल, एकमेकांपासून १०० मीटरवर. एक आवाज सरळ जातो, दुसरा पृष्ठभागाला आपटून. दुसऱ्याची वाट सुमारे अर्धा मीटर जास्त. २५ किलोहर्ट्झला तरंगलांबी ६ सेंटीमीटर. आता आवाज जिथं आपटतो तिथं पाणी फक्त १५ सेंटीमीटर, म्हणजे वितीहूनही कमी वर आलं, तर ती वाट ३ सेंटीमीटरनं, म्हणजे अर्ध्या तरंगानं वाढते. मघाशी एकमेकांना बळ देणारे दोन आवाज आता एकमेकांना मारतात. पृष्ठभाग सतत वरखाली होत असल्यामुळं डॉप्लर परिणामानं, म्हणजे हलत्या गोष्टीवरून आलेल्या आवाजाची पट्टी बदलते त्यानं, वारंवारताही पसरते.

हे सगळं मला पाठ होतं, तरी कारवारजवळच्या एका चाचणीत चुकलो. सकाळी संदेश नीट येत होते, दुपारी चुका वाढल्या. मी कनेक्टर उघडले, केबल बदलली, संध्याकाळपर्यंत मोडेमलाच दोष देत बसलो. होडीवाल्यानं कोकणीत सहज सांगितलं, दुपारी वारं सुटतं, पाणी पांढरं होतं. चौथीच्या भूगोलातले खारे वारे! माझ्या नोंदवहीत वाऱ्याचा रकानाच नव्हता. लाट फुटली की हवेचे बारीक बुडबुडे पाण्यात मिसळतात आणि पृष्ठभागाजवळचा आवाज शोषतात, विखुरतात. वर वाऱ्याची आणि लाटांची गडबड हायड्रोफोनला, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनला, ऐकू येते ती वेगळीच. दुपारच्या उन्हानं वरचं पाणी तापलं तर आवाज खाली वाकतो, हेही तिथंच शिकलो.

पण शांत समुद्र म्हणजे सोपा समुद्र असं समजू नका. सपाट पाण्यावरून परतणारा आवाज जोरकस असतो. तो मूळ आवाजाच्या नेमका उलटा पडला तर मोडेम तिथंच मुका होतो, आणि पाणी हलत नाही म्हणून मुकाच राहतो. थोडी लाट असली की निदान मधूनमधून संदेश निसटतो. माझ्या मते नवख्यानं पहिले महिने अल्गोरिदमपेक्षा हा हलता पृष्ठभाग समजून घेण्यात घालवावेत.

सिग्नल प्रोसेसिंग आणि संभाव्यता पक्की करा, पायथॉन हाताशी ठेवा. सर्वांत जवळची मोठी संस्था म्हणजे गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, चोर्ल्याच्या घाटानं गेलं की आलीच. चेन्नईला राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था, कोचीला संरक्षण खात्याची एनपीओएल ही नौदलासाठीची प्रयोगशाळा. मराठी माध्यमातून आलात म्हणून बिचकू नका. किनाऱ्यावर कन्नड आणि कोकणी दोन्ही कामाला येतात, आणि आपल्याकडच्या पोरांना त्या कानावरच्या असतात.

समुद्र लांब असला तर हिडकलच्या जलाशयावर परवानगी काढून सुरुवात करा. पाणी गोडं, लाटा लहान, पण पृष्ठभाग हलतो तो हलतोच. पहिल्या दिवसापासून वहीत तीन रकाने आखा: वेळ, वारा, पाणी पांढरं होतंय की नाही.