पोफळीची पहिली फवारणी पावसाआधीच उरका

श्रीवर्धन, मुरूड, दापोली, गुहागरपासून खाली सावंतवाडी-दोडामार्गापर्यंत ज्यांची सुपारीची आगरं आहेत, त्यांनी मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत बोर्डो मिश्रणाची, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या औषधाची, पहिली फवारणी संपवावी. कोळेरोग, म्हणजे कोवळी सुपारी सडून गळण्याचा रोग, डोळ्यांना दिसतो तो जुलैत. तोवर घडातली निम्मी फळं हातची गेलेली असतात आणि भर पावसात त्या निसरड्या खोडावर कोणाला चढवायचं, हा प्रश्न उरतो.

तारखेचा आग्रह धरण्याला कारण आहे. मिरगाच्या आधी आठ दिवस फवारलं की पुरे, हा आपल्याकडचा जुना हिशोब. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२५ साली तो २६ मेलाच पोहोचला आणि त्याआधीही कोकणात चांगला ओतत होता. मेच्या शेवटच्या आठवड्यावर फवारणी ठेवणाऱ्यांना कोरडा दिवसच मिळाला नाही. तेव्हा झाडावर चढणारा पाडेली आत्ताच सांगून ठेवा. पावसाच्या तोंडावर सगळ्यांनाच तो हवा असतो.

हा रोग फायटोप्थोरा या बुरशीसारख्या जीवाचा. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात, पावसाच्या शिंतोड्यांबरोबर आणि वाऱ्याबरोबर एका घडावरून दुसऱ्या घडावर जातात. सतत ओल, थंडावा आणि मध्येच उघडीप, अशा हवेत तो भराभर पसरतो. एखादं गळलेलं हिरवं फळ हातात घेऊन देठाकडच्या टोपीजवळ बघा. तिथे पाण्यात भिजल्यासारखा काळपट हिरवा डाग दिसेल. तेच फळ दोन-चार दिवस जमिनीवर राहिलं की त्यावर पांढरी, कापसासारखी बुरशी चढते. अशी फळं रोजच्या रोज गोळा करून आगराबाहेर जाळून टाका. गेल्या वर्षीचे वाळलेले घड शेंड्यात तसेच लटकत असतील तर फवारणीआधी ते उतरवा. रोग वर्षभर तिथेच दबा धरून बसतो, आणि नेमकं हेच काम सगळ्यात जास्त टाळलं जातं.

आता मिश्रणाविषयी. एक टक्का बोर्डोसाठी १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा (न विझवलेला) चुना आणि १०० लिटर पाणी. मोरचूद कुटून ५० लिटर पाण्यात विरघळवा. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं घ्या, लोखंडी किंवा पत्र्याचं अजिबात नको. चुना आधी थोड्या पाण्यात फोडून, पूर्ण निवू देऊन, मग उरलेल्या ५० लिटरमध्ये कालवा आणि फडक्यातून गाळून घ्या. नंतर दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतत काठीने ढवळत राहा. तिसरं पिंप नसेल तर मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओता. उलट करू नका, मिश्रण फाटतं. रंग स्वच्छ आकाशी यायला हवा.

मग त्यात घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा किंवा कोयत्याचं पातं थोडा वेळ बुडवून काढा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलं आहे असं समजा आणि तांबूसपणा येईनासा होईपर्यंत चुन्याची निवळी घाला. ही परीक्षा न करता फवारलं तर कोवळी फळं आणि पानं भाजतात. पिशवीत वर्षभर पडून राहिलेल्या चुन्याचा जोर गेलेला असतो, म्हणून ताजी कळीच आणा. मिश्रण केलं त्याच दिवशी संपवा; दुसऱ्या दिवशी त्याचे कण खाली बसतात आणि फळाला नीट चिकटत नाहीत. औषध फळाला चिकटवून ठेवणारं स्टिकर मात्र जरूर घाला, नाहीतर दोन जोरदार सरींत सगळं धुऊन जाईल.

फवारा घडावर सगळ्या बाजूंनी, फळांच्या टोपीपर्यंत पोहोचला पाहिजे. त्याच फेरीत शेंड्यावरही मारा. खालून लांब पाइपाने मारणार असाल तर घडाची मागची बाजू हमखास कोरडी राहते, तिकडे फिरून मारा. चष्मा आणि हातमोजे घालूनच काम करा. चुना आणि मोरचूद दोन्ही डोळ्यांना वाईट.

३ जून २०२०च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-मुरूडकडच्या वाड्यांमधली उभी झाडं आडवी झाली. त्यानंतर लावलेल्या पोफळी आता धरायला लागल्या आहेत. पहिलं-दुसरं पीक म्हणून त्यांना फवारणीतून वगळू नका. या बुटक्या झाडांवर घड हाताशी असतात, तेव्हा फवारणीनंतर प्लास्टिकची पिशवी घडावर वरून बांधून खालचं तोंड उघडं ठेवता येतं. पाऊस थेट फळावर पडत नाही आणि हवाही खेळती राहते. माडांची सावली गेलेल्या आगरांत आणखी एक पाहा: पोफळीचं खोड नैर्ऋत्येच्या बाजूने पिवळं पडून तडकलेलं आहे का? दुपारच्या उन्हाने ते भाजतं आणि पुढे तिथूनच मोडतं. पाऊस ओसरल्यावर त्या बाजूला झावळ्या बांधायच्या आहेत, झाडांवर आत्ताच खूण करून ठेवा.

पाटाचे आणि चरांचे गाळ याच दिवसांत काढा. मुळांशी पाणी तुंबलं तर पोफळ पिवळी पडते, आणि तिच्यावर चढवलेल्या मिरवेलीला मर लागते ती वेगळीच. मिरीच्या बुंध्याशी पालापाचोळा ओला कुजत ठेवू नका.

माडाच्या शेंड्यातली घाण काढून तिथेही बोर्डो मारा. शेणखताचा खड्डा उलथून गेंड्या भुंग्याच्या अळ्या वेचून मारा.

दुसरी फवारणी पहिलीनंतर चाळीस ते पंचेचाळीस दिवसांनी, म्हणजे जुलैच्या सुरुवातीला पडते. त्या वेळी सलग उघडीप मिळेल या आशेवर राहू नका. मोरचूद आणि स्टिकर घरात आणून ठेवा, कळी कोरड्या डब्यात झाकण घट्ट लावून ठेवा, आणि फळं कोरडी झालेली अर्ध्या दिवसाची उघडीप मिळाली तरी फवारून घ्या. पाऊस लांबला तर ऑगस्टमध्ये तिसरी द्यावी लागेल, तेवढं सामान हिशोबात धरूनच खरेदी करा.