कुकीचा डो थंड करणे आणि साठवणे : बेकिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

बेकरीच्या स्वयंपाकघरात नव्याने रुजू झालेल्या माणसाला सुरुवातीला ओव्हनजवळ क्वचितच उभे केले जाते. वजने करणे, डोचे (म्हणजे कुकीच्या कच्च्या मळलेल्या मिश्रणाचे) गोळे काढणे, डब्यांवर तारीख घालणे आणि ते फ्रिजमध्ये नेऊन ठेवणे, अशी कामे त्याच्या वाट्याला येतात. प्रशिक्षण संपवून कामाला लागल्यावर मलाही हेच काम मिळाले. कुकी चपटी का होते, तिचा रंग फिका का राहतो, एकाच डोच्या दोन ट्रे वेगवेगळ्या का निघतात, या प्रश्नांची बरीचशी उत्तरे मला ओव्हनपेक्षा फ्रिजपाशीच मिळाली. म्हणून जे शिकायला येत आहेत, किंवा घरून ऑर्डरी घेण्याचा विचार करत आहेत, त्यांनी डो थंड करणे ही कृतीतली एक स्वतंत्र पायरी मानावी, असे माझे मत आहे.

थंडाव्याचा संबंध प्रथम लोण्याशी आहे. लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेल्या भागात मुख्यतः पाणी असते. हा स्निग्धांश ३२ ते ३५ अंश सेल्सियसच्या आसपास पूर्ण वितळतो. याउलट अंड्याच्या बलकातील प्रथिने साधारण ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान घट्ट होतात आणि साखरेमुळे हा आकडा आणखी वर सरकतो. म्हणजे लोणी वितळल्यापासून कुकीचा सांगाडा घट्ट होईपर्यंत डो ट्रेवर पसरतच असतो. मिक्सरमधून नुकताच काढलेला, हाताला कोमट लागणारा डो १७५ ते १८० अंशांच्या ओव्हनमध्ये गेला, तर त्याचे लोणी लगेच सुटते आणि कुकी पसरून कडेने पातळ होते. तोच डो थंड असेल तर लोणी वितळायला वेळ लागतो, तोपर्यंत कडा धरू लागतात आणि मध्यभाग जाड राहतो. वनस्पतीजन्य घट्ट चरबी लोण्यापेक्षा जास्त तापमानाला वितळते, त्यामुळे तिच्यापासून केलेला डो मुळातच कमी पसरतो. तेलाचा डो मात्र फ्रिजमध्ये कितीही वेळ ठेवला तरी लोण्याच्या डोसारखा कडक होत नाही. कृती बदलताना हा फरक लक्षात घेतला नाही, तर दोष उगाच ओव्हनच्या माथी मारला जातो.

पाककृतींत ‘अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा’ असे एक ठरावीक वाक्य असते, आणि नवशिक्यांना सर्वाधिक चकवते ते हेच, कारण अर्धा तास कोणत्या आकाराच्या डोसाठी, हे त्यात सांगितलेले नसते. एक किलोचा गोळा खोल भांड्यात तसाच ठेवला, तर अर्ध्या तासाने त्याचा वरचा थर तेवढा गार झालेला असतो आणि आतला भाग जवळजवळ खोलीच्या तापमानालाच असतो. तोच डो दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या चपट्या लादीत थापून, नीट गुंडाळून ठेवला तर थंडावा आतपर्यंत लवकर पोहोचतो. म्हणून घड्याळापेक्षा डोची अवस्था पाहण्याची सवय लावून घ्यावी. बोटाने दाबल्यावर उथळ खूण उमटावी, पण बोट आत रुतू नये. पृष्ठभागावर तुपकट चकाकी नसावी आणि लादीचा मध्यभाग कडेइतकाच घट्ट लागावा. शक्य असेल तर टोकदार थर्मामीटर जवळ ठेवावा, कारण सुरुवातीच्या काळात हाताच्या अंदाजाला आकड्याची जोड मिळाली की अंदाज लवकर पक्का होतो.

गोळे केव्हा काढायचे, हाही क्रमाचाच प्रश्न आहे. रात्रभर थंड झालेल्या डोमधून स्कूपने गोळे काढणे हे मनगटाची परीक्षा पाहणारे काम आहे, शिवाय त्यात गोळ्यांचे वजन सारखे येत नाही. मिसळल्यानंतर डो पंधरा-वीस मिनिटे मुरू द्यावा, तो अजून नरम असतानाच वजन करून गोळे काढावेत आणि मग ते गोळेच थंड करावेत, ही पद्धत मला सर्वांत सोयीची वाटते. कापून भाजायच्या कुकीसाठी दंडगोल वळून ठेवावा आणि तो थंड होत असताना अधूनमधून फिरवावा, नाहीतर खालची बाजू सपाट होते. लाटून साच्याने कापायच्या कुकीसाठी डो बेकिंग पेपरच्या दोन कागदांमध्ये आधीच लाटून मग थंड करावा. कडक लादी लाटायला घेतली तर तिला कडेने चिरा पडतात.

सगळ्याच प्रकारांना थंडावा लागतो असे नाही. पिशवीतून नळीने पाडायच्या कुकीचा डो गार झाला तर नळीतून उतरतच नाही; तो आधी ट्रेवर पाडून मग ट्रे थंड करावी. फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्यावर उभी राहणारी मेरिंग ताबडतोब भाजावी लागते.

डो रात्रभर किंवा त्याहून जास्त वेळ मुरवला तर पसरण्याखेरीज आणखीही काही बदलते. मैदा अंड्यातले आणि लोण्यातले पाणी सावकाश शोषून घेतो, मळताना ताणलेले ग्लूटेन (मैद्यातल्या प्रथिनांची लवचीक जाळी) सैल होते, साखर अधिक विरघळते आणि मैद्यातील एन्झाइम स्टार्चचा थोडा भाग साध्या साखरांमध्ये मोडत राहतात. त्यामुळे कुकीला रंग गडद चढतो आणि चव जास्त भरीव लागते. डो २४ ते ७२ तास मुरवण्याचे कौतुक बरेच होते. अर्ध्या तासाचा डो आणि एका रात्रीचा डो यांतला फरक कोणालाही जाणवेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसातला फरक मात्र इतका बारीक असतो की त्यासाठी फ्रिजमधली जागा अडवून ठेवणे मला पटत नाही. खाण्याचा सोडा ब्राउन शुगर किंवा मधातल्या आम्लाशी ओलावा मिळताच क्रिया करू लागतो, तर दुहेरी क्रियेची बेकिंग पावडर आपला बराचसा वायू उष्णतेसाठी राखून ठेवते. एका रात्रीत याने मोठे नुकसान होत नाही, पण सोड्यावर अवलंबून असलेला डो दिवसेंदिवस फ्रिजमध्ये पडू देऊ नये.

अंडे घातलेला कच्चा डो ४ अंश किंवा त्याखालच्या फ्रिजमध्ये दोन ते चार दिवसांच्या आत वापरावा. त्याहून जास्त साठवायचा असेल तर उणे १८ अंशांचा फ्रीझर हवा आणि त्यातही दोन महिन्यांच्या आत डो संपवलेला बरा. गोळे ट्रेवर सुटे मांडून दगडासारखे कडक होऊ द्यावेत आणि मगच पिशवीत भरून आतली हवा दाबून काढावी. आधीच पिशवीत भरले तर त्यांचा एकच लगदा होतो. वेष्टणात हयगय करू नये, कारण लोणी आसपासचे वास पटकन ओढून घेते आणि उघडा राहिलेला पृष्ठभाग कोरडा पडतो. सतत उघडझाप होणाऱ्या दारापाशी डो न ठेवता आत खोलवर ठेवावा. पिशवीवर नाव, गोळ्याचे वजन, तयार केल्याची तारीख आणि भाजण्याचे तापमान लिहावे. वरिष्ठ मंडळी नव्या माणसाची पारख बऱ्याचदा याच चिठ्ठ्यांवरून करतात. गोठलेले गोळे थेट भाजता येतात, त्यांना एक ते तीन मिनिटे जास्त लागतात. फार जाड गोळे मात्र आदल्या रात्री फ्रिजमध्ये आणून ठेवावेत, ओट्यावर वितळवू नयेत.

कच्चा डो चाखण्याची सवय लागण्याआधीच मोडावी. धोका केवळ अंड्यातील साल्मोनेला या जिवाणूचा असतो असा समज आहे, पण मैदाही भाजलेला नसतो. २०१६ साली अमेरिकेत कच्च्या मैद्यामुळे ई. कोलाय या जिवाणूच्या संसर्गाचा उद्रेक झाला होता. म्हणजे बिनअंड्याचा डोही कच्चा खाण्याजोगा ठरत नाही. थंडाव्याने जिवाणूंची वाढ मंदावते, फ्रीझरमध्ये ती थांबते, पण ते मरतात असे नाही. त्यामुळे डो खोलीत दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर ही मर्यादा एका तासाची समजावी.

एवढी काळजी घेतलेला डो शेवटच्या क्षणी वाया जातो तो गरम ट्रेमुळे. ओव्हनमधून नुकत्याच काढलेल्या ट्रेवर थंड गोळे मांडले तर ओव्हनमध्ये जाण्याआधीच त्यांचे तळ वितळू लागतात. म्हणून जादा ट्रे हाताशी असाव्यात किंवा असलेली पूर्ण निवू द्यावी. प्रत्येक नव्या घाण्यातला एकच गोळा आधी भाजून पाहावा आणि डो किती तास थंड केला, ओव्हनमध्ये जाताना त्याचे तापमान किती होते आणि भाजलेल्या कुकीचा व्यास किती भरला, या तीन गोष्टी वहीत नोंदवून मगच उरलेली ट्रे आत घालावी.