कॉक्लिअर इम्प्लांटनंतर घरी बाळाला ऐकायला-बोलायला कसं शिकवावं

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे ऐकू न येणाऱ्या बाळाच्या आतल्या कानात ऑपरेशनने बसवलेलं यंत्र, ते कानावरच्या मशीनने टिपलेला आवाज विजेच्या रूपात कानाच्या नसेपर्यंत पोचवतं. ऑपरेशन झालं, जखम भरली आणि दोन-चार आठवड्यांनी ‘स्विच ऑन’चा, म्हणजे मशीन पहिल्यांदा चालू करण्याचा दिवस आला. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून सगळं घर बाळाच्या हसण्याकडे डोळे लावून बसतं. प्रत्यक्षात बरीच बाळं त्या दिवशी दचकतात, रडतात, काही तर ढिम्म बसून राहतात. यातलं काहीही झालं तरी घाबरू नका. सुरुवातीला आवाजाची पातळी मुद्दाम कमी ठेवतात आणि पुढच्या मॅपिंगच्या (बाळानुसार मशीनच्या पातळ्या ठरवण्याच्या) भेटींत ती हळूहळू वाढवत नेतात.

त्या दिवसापासून बाळाचं ‘ऐकण्याचं वय’ मोजायला लागा. दीड वर्षाचं असताना स्विच ऑन झालेलं मूल दोन वर्षांचं होतं, तेव्हा त्याचं ऐकण्याचं वय सहा महिनेच असतं. शेजारच्या दोन वर्षांच्या मुलाशी त्याची तुलना करणं अन्यायाचं आहे. ती करणाऱ्या नातेवाइकांना हे शांतपणे, पण ठामपणे सांगा.

पहिली पायरी : डोळे उघडले की मशीन कानावर

बाळ जागं झालं की दुधाच्याही आधी मशीन लावायचं, ते झोपेपर्यंत काढायचं नाही. आंघोळ आणि झोप एवढीच सूट. बाळ कॉइल (डोक्याला चुंबकाने चिकटणारी चकती) ओढून काढेल, तोंडात घालेल. तेव्हा ओरडू नका आणि हसूही नका, दोन्हींचा खेळ होतो. मुकाट्याने परत लावा. पातळ टोपी, हेअरबँड, कपड्याला अडकवायची क्लिप यांचा उपयोग होतो. बऱ्याच प्रोसेसरमध्ये, म्हणजे कानावरच्या या मशीनमध्ये, रोज किती तास वापर झाला याची नोंद राहते. ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) ती पाहतात, तेव्हा संकोच न करता खरी अडचण सांगा. पातळी जास्त झाल्यामुळेही बाळ मशीन काढत असेल.

दुसरी पायरी : सहा आवाजांची रोजची तपासणी

डॅनियल लिंग यांनी रूढ केलेली ही पद्धत फार सोपी आहे. आ, ई, ऊ, म, श, स. ‘म’ आणि ‘ऊ’ खालच्या पट्टीचे, ‘श’ आणि ‘स’ वरच्या, त्यामुळे बोलण्यातला जवळजवळ सगळा पट्टा तपासला जातो. बाळाच्या मागे किंवा बाजूला, तोंड दिसणार नाही असं बसा आणि नेहमीच्या आवाजात एकेक ध्वनी काढा. क्रम आणि मधलं अंतर रोज बदला, नाहीतर बाळ ऐकण्याऐवजी अंदाज बांधतं. लहान बाळ दूध ओढायचं थांबतं, डोळे मोठे करतं, मान वळवतं. पुढे आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायला शिकवता येतं.

काल ‘स’ ला मान वळली आणि आज वळत नाही? आधी बॅटरी, मग केबल, मग कॉइल बदलून पाहा. तरीही फरक पडला नाही तर त्याच दिवशी क्लिनिकला फोन करा.

ऑपरेशनने शरीरात बसवलेल्या भागाची मात्र रोज धास्ती घेऊ नका. आतल्या कानाच्या शंखासारख्या भागात सरकवलेली बारीक तार सिलिकोन रबरात बसवलेली असते आणि तिच्यावर प्लॅटिनमचे छोटे बिंदू असतात. सिलिकोनच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी जागोजागी बांधलेल्या असतात, म्हणजे तो जाळीबद्ध पॉलिमर असतो. म्हणूनच तो शरीराच्या उष्णतेने वितळत नाही, वाकवला तरी मूळ आकार घेतो. शरीरही त्याला सहसा सांभाळून घेतं. आत बॅटरीही नसते, वीज बाहेरच्या कॉइलमधून त्वचेपलीकडे पोचते. त्यामुळे रोज जपायचा तो बाहेरचा भाग. घामाच्या दिवसांत आणि पावसाळ्यात तो रात्री कोरडा करणाऱ्या डब्यात ठेवा. सुट्या बटन बॅटऱ्या बाळाच्या हाती लागू देऊ नका, गिळल्या तर जिवावर बेततं.

तिसरी पायरी : जवळ जा, गोंगाट कमी करा

बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. स्वयंपाकघरातून मारलेली हाक बाळापर्यंत पोचते तेव्हा तिच्यातला ‘स’, ‘श’ आधीच पुसलेला असतो. हातभर अंतरावर, मशीनच्या बाजूने बोला. टीव्ही बंद करा. मिक्सर चालू असताना गोष्ट सांगायला बसू नका. ओरडून मात्र बोलू नका, ओरडल्याने शब्दांचा आकारच बिघडतो.

चौथी पायरी : आधी कान, मग डोळे

खरं काम इथे आहे. वस्तू दाखवण्याआधी तिचा आवाज ऐकवा. पाठीमागे खेळणं धरून म्हणा, ‘‘हम्मा, हम्मा! कोण आलं?’’ थांबा. मग गाय दाखवा आणि पुन्हा म्हणा, ‘‘हम्मा!’’ भू-भू, म्याव, काव-काव, झुक-झुक, टप-टप, आपल्या बोलण्यात असे आवाज मुबलक आहेत आणि त्यांची लय वेगवेगळी असल्याने ते बाळाला लवकर ओळखू येतात. तोंडासमोर हात धरून बोलू नका, आवाज दबतो. शेजारी बसून दोघांनी एकाच पुस्तकात पाहिलं की ओठ आपोआप नजरेआड होतात.

प्रश्न विचारल्यावर थांबणं सगळ्यांत कठीण जातं. मनात दहापर्यंत मोजा, उत्सुक चेहऱ्याने वाट पाहा. आजी लगेच उत्तर देऊन टाकते, तिलाही हे समजावून सांगा.

मराठीत एक गोष्ट खास जपावी लागते. अर्थाचा मोठा भाग शब्दाच्या शेपटीला असतो आणि तिथेच आपला आवाज पडतो. ‘डब्यात’, ‘डब्यावर’, ‘डब्याखाली’ यांतला फरक शेवटच्या तुकड्यातच आहे. दादा आला, ताई आली, बाळ आलं, हेही तसंच. म्हणून चेंडू खरोखर डब्यात टाकताना ‘‘डब्या-त!’’ असं किंचित लांबवून, गाण्यासारखं म्हणा. तो तुकडा बाळाला कळू लागला की पुन्हा नेहमीसारखं बोला.

बाळ ‘‘पानी’’ म्हणालं तर चूक काढू नका. ‘‘हो, पाणी हवंय. थंड पाणी देते हं,’’ असं म्हणत त्याचंच वाक्य वाढवा.

शाळेसाठी म्हणून घरात अडखळत इंग्रजी बोलण्याचा सल्ला मिळाला, तर माझ्या मते तो मानू नये. ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाडात येता, गोष्ट सांगता, तीच बाळाला द्या. आणि मशीन काढल्यावर बाळाला ऐकू येत नाही, हे विसरू नका. आंघोळीत, अंथरुणात हातवारे आणि खुणा जरूर करा.

बोलणं कोणत्या क्रमाने येतं

आधी आवाजाची जाणीव, मग दोन आवाजांतला फरक, मग ओळख, शेवटी अर्थ. तोंडातून आधी हुंकार आणि लांबट स्वर, नंतर ‘बाबाबा’, ‘मामामा’ अशी अक्षरांची माळ. स्विच ऑननंतर काही महिन्यांत ही माळ ऐकू येणं हे चांगलं लक्षण. तेव्हा तुम्हीही तसंच ‘बाबाबा’ म्हणत उत्तर द्या, पाळी-पाळीने.

मॅपिंगला जाताना एक वही न्या. कोणत्या आवाजाला बाळ वळलं, कोणता हुकला, कधी डोळे मिटून चेहरा आक्रसला, नवे उच्चार कोणते, सगळं तारखेसकट लिहा. इम्प्लांट असलेल्या मुलांना मेंदूज्वराचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून न्यूमोकॉकलची लस पूर्ण झाली का, तेही विचारून घ्या. एमआरआय सुचवला गेला तर इम्प्लांटचं कार्ड आधी दाखवा, आत चुंबक असतो. डोक्याला मार लागला, कॉइलखालची त्वचा लाल झाली, ताप येऊन मान ताठ झाली, किंवा बडबड करणारं बाळ अचानक गप्प झालं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे निघा.