‘शे’ ठोक्यावर बसतो

धुळ्यात आम्ही चौघांनी रॉक बँड उभा केला. गाणी लिहायची आणि पुढे उभं राहून गायची, ही दोन्ही कामं माझी. पहिली दोन वर्षं प्रमाण मराठीत लिहिलं. शब्द बरे होते, पण ड्रमवर बसेनात. एकदा सरावात ओळीच्या शेवटचं ‘आहे’ काढून घरातल्या अहिराणी बोलीतलं ‘शे’ म्हटलं. एकच अक्षर, नेमकं स्नेअरच्या ठोक्यावर पडलं. ‘माझा’चं ‘मना’ झालं, ‘तुला’चं ‘तुले’, आणि गाणं पळायला लागलं. म्हणून नव्याने लिहिणाऱ्यांना सांगतो, घरी ज्या बोलीत भांडता तिच्यात लिहून बघा. अहिराणी म्हणजे फक्त हळदीत नाचायची गाणी, हे मला मुळीच मान्य नाही. कापसाचा भाव पडल्यावर घरात पसरणारी शांतताही तिच्यात मावते.

सुचलेली ओळ लगेच फोनमध्ये गाऊन ठेवा. असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी गाणी टिपून ठेवली, म्हणून त्या गेल्यावर १९५२ साली ती छापून आली.

आता आवाज. एका स्नेहसंमेलनात मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, नव्हता. स्वतःचं गाणं ऐकू येईना, म्हणून ओरडत गेलो. पुढे चार दिवस घशातून नुसती हवा. आता मानधनाच्या आधी मॉनिटरचं विचारतो. तो माइकच्या पाठीमागे, आपल्याकडे तोंड करून ठेवायचा, कारण गाण्याचे नेहमीचे माइक मागून फार कमी ऐकतात. माइकची जाळी मुठीत धरलीत की हा फायदा जातो आणि स्पीकरमधून शिट्टी सुरू होते. आवाज बसलाच तर कुजबुजूही नका, त्यानेही ताण येतो.

स्वतःच्या गाण्यांवर घर चालायला वेळ लागतो. मी लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गायलो, त्यातून अ‍ॅम्प घेतला. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद होतो, त्यामुळे आपलं सगळ्यात जवळचं गाणं शेवटासाठी राखू नका. माझं असंच दोनदा राहून गेलं.

गाणं कुणाचं, हे मात्र आधीच कागदावर आणा. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात. २०१२च्या कायदादुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा म्युझिक कंपनीला करारात स्वतःच्या नावावर लिहून घेता येत नाही. तो मिळवायला आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचं सभासद व्हावं. एका चालीवरून गिटारवाला आणि मी वर्षभर बोललो नाही. आता गाणं पुरं झालं की त्याच रात्री वहीत दोघांच्या सह्या होतात, मगच बाकीचे दोघं ते वाजवायला घेतात.