चेनसॉमध्ये पेट्रोल आणि ऑइल: कोणतं, किती आणि कसं मिक्स करायचं

माझ्या पहिल्या चेनसॉचं इंजिन मीच मारलं. दोन सारखेच कॅन शेजारी शेजारी ठेवलेले, एकात मिक्स (ऑइल मिसळलेलं पेट्रोल) आणि एकात साधं पेट्रोल, गडबडीत साधं ओतलं आणि ओंडका कापायला घेतला. सुरुवातीला मशीन असं काही पळालं की मीच खूश, मग आवाज चिरका झाला आणि टाकी अर्धी व्हायच्या आत जाम. सायलेन्सर काढून आत बघितलं तर पिस्टनवर नखांनी ओरबाडल्यासारखे उभे ओरखडे. तेव्हापासून मिक्सच्या कॅनला लाल चिकटपट्टी लावतो आणि ओतायच्या आधी रंग बघतो, टू-स्ट्रोक ऑइलला बहुतेक वेळा रंग असतोच, त्यामुळे मिक्स साध्या पेट्रोलपेक्षा वेगळं दिसतं.

कारण साधं आहे. फोर-स्ट्रोक बाइकला जसं इंजिनात खाली वेगळं ऑइल भरतो तसं चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनात नसतं, पेट्रोलबरोबर जेवढं ऑइल आत जाईल तेवढ्यावरच बेअरिंग, पिस्टन, रिंग सगळं चालतं, आणि फुल थ्रॉटलला हे इंजिन मिनिटाला १२-१३ हजार फेरे मारतं.

आता प्रमाण. आजच्या बहुतेक मशीनना ५०:१ लागतं, म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० एमएल ऑइल, ५ लिटरला १०० एमएल. काही मशीनना ४०:१ (लिटरला २५ एमएल), जुन्यांना २५:१ (लिटरला ४० एमएल). टाकीच्या झाकणाजवळ किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं तेच फायनल, शेजारच्याचं मशीन कशावर चालतं ते सोडा. एक बारीक गोष्ट मात्र वाचा, काही कंपन्या आमचंच ऑइल असेल तर ५०:१, दुसरं साधं असेल तर २५:१ असं सांगतात, म्हणजे ऑइल बदललं की प्रमाणही बदलू शकतं.

आणि हो, बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतू नका. एमएलच्या खुणा असलेलं मापटं किंवा साधी इंजेक्शनची सिरिंज घ्या. "थोडं जास्त पडलं तर इंजिनला बरंच" हे मी इतक्यांकडून ऐकलंय, पण जास्त ऑइल म्हणजे धूर, काळा पडलेला स्पार्क प्लग, सायलेन्सरच्या जाळीत कार्बन, आणि वर त्याच थेंबात पेट्रोल तेवढं कमी जातं म्हणजे मिश्रण उलट लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं. कमी ऑइलचं काय होतं ते वर सांगितलंच.

ऑइल घेताना डब्यावर टू-स्ट्रोक, एअर-कूल्ड इंजिनसाठी असं हवं आणि जासो एफडी किंवा आयएसओ ईजीडी हा ग्रेड बघा, जासोचाच एफबी जुना आणि खालचा आहे. टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं ऑइल बोटीच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांचं, चेनसॉच्या उष्णतेला ते टिकत नाही. बाइकचं फोर-स्ट्रोक इंजिन ऑइल तर अजिबातच नको, ते पेट्रोलबरोबर जळायला बनवलेलंच नाही, आत राख आणि कार्बन साचतो.

पेट्रोलच्या बाबतीत माझा कटाक्ष ताजेपणावर. बऱ्याच कंपन्या ९० किंवा त्याहून जास्त ऑक्टेन मागतात आणि १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालवून घेतात, पण २० टक्केवालं मशीनसाठी मंजूर आहे असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं नसेल तर टाकू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, फार पाणी झालं की ते पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं, आणि तळालाच तर टाकीतला फिल्टर लोंबत असतो! रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचा पडदा कडक होतात ते वेगळंच. इथेनॉल नसलेलं पेट्रोल किंवा तयार अल्किलेट मिक्स (ऑइल मिसळूनच येणारं जास्त स्वच्छ पेट्रोल) मिळालं तर उत्तम, महाग पडतं पण वर्षात चार वेळा मशीन काढणाऱ्याला तेच परवडतं असं माझं मत.

मिक्स करताना आधी पेट्रोलच्याच कॅनमध्ये अर्धं पेट्रोल, मग मोजलेलं सगळं ऑइल, झाकण लावून नीट हलवा, मग उरलेलं पेट्रोल, परत हलवा. मशीनच्या टाकीत वेगवेगळं ओतायचं नाही. कॅनवर तारीख आणि प्रमाण लिहून ठेवा, महिनाभरात संपेल एवढंच बनवा, आणि दर वेळी भरायच्या आधी कॅन हलवा. भरताना इंजिन बंद आणि गार, झाकणाभोवतीचा भुसा पुसलेला, आणि स्टार्ट करायचं तर त्या जागेपासून ३ मीटर तरी लांब जाऊन.

नवीन मशीनमध्ये कार्ब्युरेटर आपोआप ट्यून होतो म्हणून मिक्स कसंही चालेल असं नाही, तो हवा-पेट्रोल सांभाळतो, ऑइल नाही. मधूनमधून प्लग काढून बघा, फिकट तपकिरी असेल तर बरोबर चाललंय, काळा ओलसर असेल तर आधी एअर फिल्टर बघा आणि मग ऑइल जास्त होतंय का, पांढरट पडला असेल तर मशीन लगेच बाजूला ठेवा.

दुसरी टाकी चेन ऑइलची, तिच्यात हे मिक्स नाही, चिकट चेन ऑइलच. सीझन संपला की पेट्रोलची टाकी रिकामी करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत आयडलला चालू ठेवा.